अन्यथानुपपत्ती: फौजदारी अपिलातील पुराव्याचे पुनर्वाचन आणि शाबितीचा भार

१.

फौजदारी अपिलातील न्यायनिर्णय हे मूलतः एका वाचनाचे वाचन असते. सत्र न्यायालयाने साक्षीदार प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले असतात. अपील न्यायालयासमोर येतो तो कागद: नोंदवलेल्या साक्षी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, पत्रे, आणि या सर्वांचा खालच्या न्यायालयाने लावलेला अर्थ. आवाज, थांबणे, डोळे चुकवणे हे सारे मागे राहिलेले असते. उरलेल्या लिखितावरून एखाद्या माणसाची दोषसिद्धी कायम राहावी की नाही, हे ठरवावयाचे असते. संहितेच्या आधारे अर्थनिर्णय करणे हा साहित्याच्या अभ्यासकाचाही व्यवसाय असल्यामुळे या प्रक्रियेकडे त्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

जेम्स बॉयड व्हाइट यांचे ‘द लीगल इमॅजिनेशन’ हे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर ‘विधी आणि साहित्य’ या अभ्यासक्षेत्राचा बराच विस्तार झाला. त्यातून एक मत आपल्या विद्यापीठीय चर्चांमध्ये जवळपास रूढ झाले आहे. ते असे की, खटला म्हणजे दोन कथनांमधील स्पर्धा होय. जे कथन अधिक सुसंगत आणि अधिक विश्वसनीय, त्याचा विजय होतो. दिवाणी दाव्यात हे मत काही अंशी खरे ठरते, कारण तेथे दोन बाजूंच्या संभाव्यतेची तुलना करावयाची असते. फौजदारी दोषसिद्धीच्या बाबतीत मात्र ते मुळातच चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. फौजदारी अपिलाची सारी रचना चांगली जमलेली कथा केवळ चांगली जमली आहे म्हणून जिंकू नये, यासाठी केलेली आहे. हे समजण्यासाठी प्रथम शाबितीच्या भाराची कल्पना, नंतर अपिलातील पुनर्वाचनाची पद्धत, आणि शेवटी एका पुणेकर खटल्यातील पत्रांचे वाचन, या क्रमाने जावे लागेल.

२.

‘शाबीत’ हा शब्द अरबीतून मराठीत आला. स्थिर, पक्के, न हलणारे, असा त्याचा मूळ अर्थ. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाने या पक्केपणाची व्याख्या केली, ती गणिती निश्चितीची नव्हे. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे असे न्यायालयाला वाटले, किंवा तिचे अस्तित्व इतके संभाव्य वाटले की शहाण्या माणसाने ती आहे असे धरून वागावे, तर ती गोष्ट शाबीत झाली. या अधिनियमाचे शिल्पकार जेम्स फिट्सजेम्स स्टीफन हे स्वतः वाङ्मयीन नियतकालिकांतून लिहिणारे टीकाकार होते आणि व्हर्जिनिया वुल्फ यांचे ते काका होत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना हा तपशील रोचक वाटेल. परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांनी केलेली तिहेरी विभागणी. एखादी गोष्ट शाबीत असते, किंवा नाशाबीत असते, किंवा तिसऱ्या वर्गात, म्हणजे ‘शाबीत न झालेली’ असते. तिसरा वर्ग हा पहिल्या दोहोंच्या मधला संदिग्ध प्रदेश नाही. कायद्याच्या दृष्टीने तो पूर्ण आणि पुरेसा निष्कर्ष आहे. फौजदारी खटल्यातील पुष्कळशा निर्दोष सुटका याच वर्गावर उभ्या असतात. ‘त्याने ते केले नाही’ असे तेथे कोणी म्हणत नाही. ‘त्याने ते केले, हे शाबीत झाले नाही’ एवढेच म्हटले जाते.

हे शाबीत करण्याचा भार अभियोग पक्षावर असतो आणि तो शेवटपर्यंत तेथेच राहतो. इंग्लंडमध्ये वूल्मिंग्टन खटल्यात १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले. भारतातही न्यायालयांनी ते सातत्याने मान्य केले आहे. त्याचा कथनदृष्ट्या अर्थ असा की, आरोपीवर कोणतीही कथा सांगण्याचे बंधन नाही. तो गप्प राहू शकतो. त्याने सांगितलेली कथा खोटी ठरली, तरी तेवढ्याने अभियोग पक्षाची कथा खरी ठरत नाही. दोन कथनांची स्पर्धा ही कल्पना येथेच कोसळते. एका बाजूला कथन आहे. दुसऱ्या बाजूला त्या कथनावर प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

हा भार काढून घेतला तर काय उरते, याचे उदाहरण मराठी रंगभूमीवर आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील खेळातल्या कोर्टात न्यायाधीश आहे, वकील आहेत, साक्षीदार आहेत, आरोपीचा पिंजराही आहे. परंतु तेथे एकच वकील दोन्ही बाजूंची कामे करतो, आणि न्यायाधीश काशीकर आपले आसन सोडून स्वतःच साक्ष देतो. बेणारेविरुद्धची कथा सर्वांना आधीच पटलेली आहे. ती खोटी असल्याचे दाखवण्याची जबाबदारी मात्र बेणारेवर येऊन पडली आहे. या नाटकाच्या चर्चेत समाजाच्या ढोंगीपणाविषयी विपुल लिहिले गेले आहे. विधिशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्या कोर्टात दोनच गोष्टींचा अभाव आहे, शाबितीचा भार आणि अपील, आणि तेवढ्या अभावाने न्यायाची शिकार होते.

३.

अपील न्यायालय पुरावा कसा वाचते, याकडे आता वळू. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा हक्क दिला होता, आणि मृत्युदंडाच्या बाबतीत त्याहून पुढे जाऊन उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज ती शिक्षा अमलात येऊ नये अशी तरतूद केली होती. आरोपीने अपील केले नाही, तरी उच्च न्यायालयाला सर्व पुरावा स्वतः वाचावा लागतो. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. येथे ज्यांची चर्चा आहे ती तत्त्वे कायम आहेत.

हे पुनर्वाचन तथ्यांचे आणि कायद्याचे, दोन्हींचे असते. मात्र त्याला एक अंगभूत मर्यादा आहे. शिवस्वरूप खटल्यात १९३४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलासंबंधी सांगितले की, उच्च न्यायालयाला सर्व पुरावा नव्याने तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु साक्षीदारांच्या विश्वसनीयतेविषयी खालच्या न्यायाधीशाचे मत, निर्दोषत्वाचे गृहीतक, संशयाचा फायदा मिळण्याचा आरोपीचा हक्क, आणि साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचा निष्कर्ष बदलताना बाळगावयाचा संकोच, यांना त्याने योग्य वजन दिले पाहिजे. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या २००७च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या विचाराची पुन्हा सुसूत्र मांडणी केली. एकदा निर्दोष ठरलेल्या आरोपीच्या बाजूने मूळ गृहीतक अधिकच दृढ होते, आणि पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर सुटकेचा निष्कर्ष बदलू नये, असे त्यात म्हटले आहे.

प्रत्यक्ष पाहणे आणि नंतर वाचणे यांतील हे अंतर कायद्याला ठाऊक आहे. म्हणूनच साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवावे, अशी तरतूद संहितेत होती. नाट्यसंहितेतील रंगसूचनांसारखी ही नोंद असते. पण सारे वर्तन रंगसूचनांत कसे येणार?

भाषेचे अंतर आणखी मोठे आहे. महाराष्ट्रातील एखाद्या सत्र न्यायालयात साक्षीदार मराठीत, किंवा मराठीच्या एखाद्या बोलीत बोलतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४८नुसार, संसदेने अन्यथा ठरवेपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. म्हणजे शेवटचा वाचक पुष्कळदा अनुवाद वाचत असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘आता माझं काही खरं नाही’ असे एखादी स्त्री आपल्या बहिणीला लिहिते. हे वाक्य मराठी घरात शंभर वेळा उच्चारले जाते. परीक्षेचा अभ्यास झाला नाही तरी मुले तसे म्हणतात. दुसऱ्याकडून धोका आहे, असाही त्याचा अर्थ होतो. जगण्याची उमेद संपली, असाही होतो. इंग्रजी अनुवादकाला यांपैकी एकच छटा निवडावी लागते, आणि त्या निवडीबरोबर भीती आणि निराशा यांपैकी एक वाचन कागदावरून नाहीसे होते. साहित्याच्या अनुवादात यामुळे रसहानी होते. खुनाच्या खटल्यात, मृत्यू दुसऱ्याच्या हातून झाला की स्वतःच्या, हा प्रश्नच त्या छटेवर अवलंबून असू शकतो.

४.

ज्या खटल्यात पत्रांच्या वाचनावर बरेच काही अवलंबून होते, असा भारतीय विधिशास्त्रातील सर्वांत परिचित खटला म्हणजे शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सर्वोच्च न्यायालयाने तो १७ जुलै १९८४ रोजी निकालात काढला. पुण्यात ११ आणि १२ जून १९८२ यांमधील रात्री एका नवविवाहितेचा सायनाइडच्या विषाने मृत्यू झाला. विवाहाला चार महिने झाले होते. पतीने विष देऊन खून केला, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणी नव्हता. सत्र न्यायालयाने पतीला मृत्युदंड दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

पुराव्यात मृत स्त्रीने आपल्या बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती. प्रथम प्रश्न असा की, ही पत्रे पुराव्यात घेता येतात का? मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्याविषयी केलेले निवेदन भारतीय कायद्यात ग्राह्य असते. मृत्यू समोर दिसत असतानाच ते केलेले असावे, ही इंग्रजी कायद्यातील अट येथे नाही. या कसोटीची मर्यादा कोठवर न्यावयाची, यावर न्यायमूर्तींचे एकमत नव्हते. न्यायमूर्ती फजल अली यांनी पत्रे ग्राह्य मानली. न्यायमूर्ती वरदराजन यांनी भिन्न मत नोंदवले. निकालाविषयी मात्र तिन्ही न्यायमूर्ती एकमताचे होते.

अभियोग पक्षाने या पत्रांत पतीकडून होणारी उपेक्षा आणि तीतून पुढे घडलेल्या खुनाची पूर्वचिन्हे वाचली. सर्वोच्च न्यायालयाला त्याच पत्रांत अत्यंत भावनाप्रधान, दुःख मनात कोंडून ठेवणारी व्यक्ती दिसली, आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असा निष्कर्ष त्याने काढला. विषाने झालेल्या खुनात हेतू, विषाने मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी, या गोष्टी पाहाव्या लागतात. विष आरोपीजवळ होते, हे शाबीत झाले नव्हते. शिवाय काही प्रतिकूल परिस्थिती आरोपीच्या जबाबात त्याच्यापुढे मांडून तिचा खुलासा विचारलाच गेला नव्हता. अशी परिस्थिती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असेही न्यायालयाने ठरवले.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, सर्वोच्च न्यायालयाने आपले वाचन उच्च न्यायालयाच्या वाचनापेक्षा अधिक ‘खरे’ आहे असा दावा केलेला नाही. आत्महत्या शाबीत झाली, असे ते म्हणत नाही. त्याच पत्रांचे दुसरे वाचन वाजवीपणे करता येते, एवढे दाखवणे पुरेसे होते. साहित्यकृती अनेकार्थी आहे असे म्हणणे ही आपल्या व्यवसायात प्रशंसा असते, आणि त्या अनेकार्थतेवर कोणाचाही एकट्याचा हक्क नसतो. फौजदारी कायद्यात अनेकार्थतेचा लाभ एकाच व्यक्तीला मिळतो. ती व्यक्ती म्हणजे आरोपी.

५.

सारडा निर्णयात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे आहेत, आणि देशभरच्या न्यायालयांत ती आजही आधारभूत मानली जातात. परिस्थिती पूर्णपणे शाबीत झालेली असावी. ती केवळ आरोपीच्या दोषित्वाशीच सुसंगत असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. तिने इतर प्रत्येक संभाव्य उपपत्ती वगळावी. आणि पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणाऱ्या निष्कर्षाला वाजवी जागा उरू नये. या सूत्रांमागे हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्यातील १९५२चा निर्णय आहे. तो खटला नागपूरचा होता, आणि त्यातही एका टंकलिखित पत्राचा प्रश्न होता. त्या निर्णयात न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी इंग्लंडमधील १८३८च्या हॉज खटल्यात बॅरन ऑल्डर्सन यांनी ज्यूरीला दिलेल्या इशाऱ्याचा आधार घेतला. त्या इशाऱ्याचा आशय असा: घटना एकमेकींशी जुळवण्यात मनाला आनंद होतो, त्या एका अखंड आकृतीत बसाव्यात म्हणून ते त्यांना किंचित ओढून घेते, आणि मन जितके कल्पक, तितके ते न सापडलेला दुवा स्वतःच पुरवून स्वतःला फसवण्याची शक्यता अधिक. समीक्षकाच्या व्यवसायातील धोक्याचे याहून नेमके वर्णन समीक्षाशास्त्रातही क्वचितच मिळेल.

ही कसोटी भारतीय ज्ञानपरंपरेच्या भाषेत मांडावयाची तर मीमांसकांच्या अर्थापत्तीकडे जावे लागते. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही. त्यावरून तो रात्री जेवतो असे मानावे लागते, कारण त्याशिवाय त्याच्या धष्टपुष्टपणाची उपपत्ती लागत नाही. मीमांसक अर्थापत्तीला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक तिचा अनुमानात अंतर्भाव करतात. पण तिचा कणा दोघांनाही परिचित आहे. तो कणा म्हणजे अन्यथानुपपत्ती. ‘या गृहीतकाने सारे नीट समजते’ एवढे पुरत नाही. ‘या गृहीतकावाचून समजतच नाही’ असे दाखवावे लागते. समीक्षक उपपत्तीवर समाधानी राहू शकतो. दोषसिद्धीला मात्र अन्यथानुपपत्ती लागते. खालच्या न्यायालयाची कथा सुंदर उपपत्ती असूनही अन्यथानुपपत्तीच्या कसोटीला उतरली नाही, की अपील न्यायालय ती बाजूला सारते.

दृष्टान्त आणखी थोडा ताणला तर या कसोटीची मर्यादाही दिसते. देवदत्त योगसामर्थ्याने न जेवताही धष्टपुष्ट राहिला असेल, अशी शंका कोणीही काढू शकेल. ती शंका आहे. वाजवी शंका नाही. शिवाजी साहबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३च्या निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही टोकांना बजावले आहे. ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील मानसिक अंतर मोठे आहे, हे त्यांनी सांगितले. सारडा निर्णयाने ते पहिल्या सूत्रासाठी स्वीकारले. परंतु क्षुल्लक शंकेपोटी अपराधी सुटत राहिले तर लोकांचा न्यायावरचा विश्वास उडतो, असेही त्यांनी त्याच निर्णयात नमूद केले. त्या खटल्यात उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून दिलेली दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती.

६.

या चर्चेत एक व्यक्ती वारंवार पडद्याआड जाते. ती म्हणजे पत्रे लिहिणारी. तिच्या मृत्यूचे काय? बंद घरात घडलेल्या मृत्यूचा साक्षीदार मिळणे दुर्मीळ. आणि जी सांगू शकली असती तीच नाही. अन्यथानुपपत्तीची कसोटी अशा घरांमध्ये अपराध्याला संरक्षण देते, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही.

कायद्याने त्याला उत्तर दिले, ते भाराच्याच भाषेत. १९८३च्या दुरुस्तीने पती आणि त्याचे नातेवाईक यांच्याकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र अपराध ठरला, आणि विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली असता, क्रूरता दाखवता आल्यास, त्या आत्महत्येला चिथावणी होती असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला मिळाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचा अपराध आणि त्यासंबंधीचे बंधनकारक गृहीतक आले. पुण्यातील मृत्यू या दोन्ही दुरुस्त्यांपूर्वीचा होता. घराच्या आत घडलेल्या गोष्टी आरोपीच्याच विशेष माहितीतील असतील तर त्यांचा खुलासा त्याने करावा, या जुन्या कलम १०६चा उपयोगही वाढला. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००६च्या निर्णयात सर्पदंशाचा बहाणा शवविच्छेदनाने खोटा पाडला होता, आणि घरातील माणसांनी खुलासा देण्याची जबाबदारी न्यायालयाने स्पष्टपणे सांगितली. तरीही हे कलम अभियोग पक्षाला त्याच्या मूळ भारातून मोकळे करण्यासाठी नाही, हे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी शंभूनाथ मेहरा खटल्यात १९५६ मध्येच सांगून ठेवले आहे. आधी पायाभूत गोष्टी शाबीत व्हाव्यात. मग आरोपीचे मौन बोलू लागते.

म्हणजे भार हलवावयाचा असेल तर तो विधिमंडळाने, उघडपणे, कोणत्या गोष्टी आधी शाबीत व्हाव्यात हे सांगून हलवावा लागतो. न्यायाधीशाने एखाद्या खटल्यातील करुणेने किंवा संतापाने तो गुपचूप हलवू नये. करुण कथा अधिक सुसंगत वाटते, हे कोणाही वाचकाला अनुभवाने ठाऊक आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या सर्वांतून काय घ्यावे? मृत स्त्रीची पत्रे न्यायालयापेक्षा अधिक खोल वाचण्याचा अधिकार त्याला निश्चितच आहे. त्या चार महिन्यांतील एकाकीपणा, माहेराला लिहिताना काय सांगावे आणि काय सांगू नये यातली ओढाताण, ‘कोणाला बोलू नकोस’ या विनंतीमागची स्त्रियांची जुनी सवय, हे सारे तो वाचू शकतो. न्यायनिर्णयात त्याला पुरेशी जागा नसते. पण या वाचनाच्या शेवटी त्याला कोणाला फासावर पाठवावयाचे नाही. ही मोकळीक त्याच्या वाचनाची श्रीमंती आहे. ती विसरून तो न्यायनिर्णयाला ‘आणखी एक कथन’ म्हणू लागतो, तेव्हा मोकळीक बेफिकिरी होते. सारडा निर्णयाने ती स्त्री कशी मेली हे सांगितले नाही. सांगण्याचा आवही आणला नाही. शाबीत न झालेल्या गोष्टीपुढे थांबण्याची ती शिस्त आहे. त्या थांब्यामुळे एका माणसाचा जीव वाचला, आणि एका मृत्यूचे उत्तर मिळायचे राहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही दुसरीला झाकू नये, एवढी जबाबदारी वाचकावर राहते.